ब्रँडिंगची साधनं आणि पुस्तकं: फाइल बाहेर पडते तिथून केलेलं परीक्षण

लोगो काढायला कुठलंही व्हेक्टर (आकार ठिपक्यांऐवजी रेषा-वक्रांनी साठवणारं) सॉफ्टवेअर चालतं. पेन टूल आणि त्याने काढायचे बेझिअर वक्र सगळीकडे सारखेच वागतात. फरक कळतो तो फाइल हाताबाहेर जाते तेव्हा: छपाईत, व्हिनाइल कटिंगला (चिकट प्लास्टिकची अक्षरं कापताना), वेबसाइटवर. म्हणून खालची मतं त्या टोकाकडून बनवलेली आहेत. शिवाय ब्रँडचं नाव मराठीत आहे असं धरलंय, कारण निम्मी गडबड तिथेच होते.

अडोबीची इलस्ट्रेटर (लोगो-चित्रांसाठी) आणि इनडिझाइन (पानं मांडण्यासाठी) ही जोडी महाग आहे, दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरत राहावे लागतात, तरीही छपाईचं काम नियमित असेल तर घ्यावीच. स्पॉट रंग (आधीच मिसळलेली वेगळी शाई), ओव्हरप्रिंट (एका शाईवर दुसरी छापणं), सेपरेशन प्रिव्ह्यू (प्रत्येक शाईची प्लेट वेगळी पाहणं) या तीन गोष्टी एका जागी इतक्या भरवशाच्या दुसरीकडे मिळत नाहीत. मात्र देवनागरीसाठी ती तयार अवस्थेत येतात असं समजू नका. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ (अक्षरं जुळवणारी यंत्रणा) निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करायची, मग पॅराग्राफ पॅनेलमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर दिसतो. हे राहिलं की ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षराच्या जागी उघडा हलन्त दिसतो. फॉन्ट बिघडलाय असं वाटून लोक फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा त्यात काही दोष नसतो.

इंकस्केप मोफत आहे आणि देवनागरीच्या बाबतीत सुखद धक्का देतं. युनिकोड फॉन्ट टाका, काही सेटिंग न करता जोडाक्षरं नीट जुळतात. एसव्हीजी (वेबवर चालणारा व्हेक्टर फाइलप्रकार) ही त्याची मूळ फाइल असल्यामुळे वेबसाठी लागणारा लोगो थेट तिथूनच काढता येतो. अडचण छपाईची. त्याची पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) निघते. आरजीबीतला शुद्ध काळा सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शायांत) रूपांतरित होताना चारही शाया घेऊन येतो, आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. उपाय म्हणजे लोगोतल्या अक्षरांचे पाथ (आकार) करून एसव्हीजी स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणणं, तिथे प्रत्येक रंगाला सीएमवायके किंमत हाताने देणं, मजकुराचा काळा फक्त के १०० (नुसती काळी शाई) ठेवणं आणि पीडीएफ/एक्समध्ये (छपाईसाठीच्या पीडीएफमध्ये) निर्यात करणं. स्क्रायबसची १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली, त्याआधीची १.४ मालिका देवनागरीसाठी वापरू नये. काम सावकाश होतं, पण व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, साधं ब्रोशर यांसाठी ही दोन मोफत साधनं पुरेशी आहेत.

फिग्मा हे ॲप आणि वेबसाइट आखायचं सॉफ्टवेअर पडद्यासाठी उत्तम. छपाईसाठी नाही, तिथे सीएमवायकेच नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता एक गोष्ट जरा जवळून पाहू, कारण सॉफ्टवेअर कुठलंही असो, ती हमखास चुकते. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणूनच त्या सलग दिसतात. अक्षरांचे आउटलाइन केले (मजकुराचं आकारांत रूपांतर केलं) की प्रत्येक अक्षर वेगळा आकार होतं आणि ते चढलेले तुकडे तसेच राहतात. काळ्या भरीव रंगात काही दिसत नाही. पारदर्शकता ५० टक्के करा, प्रत्येक सांध्यावर गडद चौकोन उमटतो. बाह्यरेषा द्या, शिरोरेषेत उभे छेद दिसतात. व्हिनाइल कटर तर त्या प्रत्येक छेदावर खरोखर पातं चालवतो आणि पाटीवर चिकटवताना अक्षरं सुटी होतात.

म्हणून आउटलाइन केल्यावर गट मोडायचा, सगळे आकार निवडायचे आणि इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’ किंवा इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ‘युनियन’ वापरायचं. आउटलाइन करण्याआधी जिवंत (टाइप करून बदलता येणाऱ्या) मजकुराची प्रत वेगळ्या लेयरवर ठेवायची. नंतर आउटलाइन मोडमध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) जाऊन सांध्यांवरचे फालतू नोड (वक्राचे बिंदू) काढायचे. नोड आपोआप कमी करणारं ‘सिम्प्लिफाय’ सगळ्यावर एकदम चालवलं की अनुस्वाराचा गोल चेपतो, त्यापेक्षा हाताने काढलेले बरे. आणि ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य. रोमन अक्षरांत ऐसपैस अंतर देखणं दिसतं, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. अंतर हवंच असेल तर अक्षरं हाताने सरकवून रेषा पुन्हा जोडावी लागते.

फॉन्टच्या बाबतीत खर्च न करता चांगली सुरुवात होते. मुक्त (एक टाइप), हिंद (इंडियन टाइप फाउंड्री), नोटो सान्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे चारही खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात वापरता येतात. मुक्तमध्ये जाडीचे टप्पे भरपूर, त्यामुळे पूर्ण ब्रँड एकाच कुटुंबावर उभा करता येतो. टिरो पुस्तकी, गंभीर मजकुरासाठी. प्रकाशन किंवा शिक्षणसंस्थेच्या ओळखीला शोभतो. बलू ठसठशीत आहे, पण त्याचा वापर इतका झालाय की नव्या ब्रँडला त्याने वेगळेपणा मिळणार नाही.

विकतचा असो वा मोफत, फॉन्ट पक्का करण्याआधी ही ओळ टाइप करून पाहा: ऱ्हास, दऱ्या, वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती, ॲप. ‘दऱ्या’तला आडवा र नसेल, ‘ॲ’च्या जागी चौकट येत असेल किंवा ‘ङ्म’ फुटत असेल तर तो फॉन्ट कितीही सुंदर असला तरी मराठी ब्रँडला नको. मग ल आणि श बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण. दंडाचा ल आणि गाठीचा श हे हिंदी वळण. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण समोर येत नाही. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट एखाद्या वळणदार नावापुरते, तेही आउटलाइन करून. त्यातला मजकूर कॉपी करून वेबवर टाकला की निव्वळ रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो.

रंगासाठी पँटोनची फॉर्म्युला गाइड (क्रमांक दिलेल्या शायांच्या छापील नमुन्यांचा पंखा) ही खरी गुंतवणूक. ‘सी’ आणि ‘यू’ म्हणजे कोटेड (गुळगुळीत मुलामा दिलेल्या) आणि अनकोटेड (साध्या) कागदाचे दोन्ही पंखे घ्या. शाई तीच असते, पण अनकोटेड कागदात ती मुरते आणि रंग मंद दिसतो; काही लाल आणि नारिंगी छटा तर ओळखू येत नाहीत. पंखा उन्हात ठेवू नका, पिवळटपणा येतो. २०२२ च्या शेवटी अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनच्या बऱ्याच लायब्रऱ्या निघाल्या आणि जुन्या फायलींतले रंग काळे दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा ब्रँडच्या रंगाची नोंद फक्त पँटोन क्रमांकावर सोडू नये. लॅब (यंत्रावर न अवलंबणारी रंगाची मोजणी), सीएमवायके, आरजीबी आणि हेक्स (वेबचा रंगकोड) या किमती सोबत लिहाव्यात.

मॉनिटर कॅलिब्रेटरकडे (पडद्याचे रंग आणि उजेड मोजून जुळवणाऱ्या उपकरणाकडे) दुर्लक्ष होतं. ‘छपाई काळपट आली’ ही तक्रार बहुतेक वेळा फार उजळ ठेवलेल्या पडद्यामुळे असते. उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा ठेवला की पडदा आणि कागद एकमेकांच्या जवळ येतात.

पुस्तकांपैकी ॲलिना व्हीलर यांचं ‘डिझायनिंग ब्रँड आयडेंटिटी’ (पहिली आवृत्ती २००३) आधी घ्यावं. संशोधन, धोरण, ओळखीची रचना, वापराच्या जागा आणि सांभाळ असे कामाचे पाच टप्पे त्यात आहेत, आणि कोटेशन देताना कामाची यादी करायला ते थेट उपयोगी पडतात. सौंदर्यदृष्टी मात्र त्यातून मिळणार नाही. तिच्यासाठी योसेफ आल्बर्स यांचं १९६३ मधलं ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’: रंगीत कागद कापून त्यातले प्रयोग प्रत्यक्ष करा, नुसतं वाचून काही हाती लागत नाही. स्विस डिझायनर म्युलर-ब्रोकमन यांचं ‘ग्रिड सिस्टिम्स’ (१९८१) ग्रिडच्या (पानावरच्या आखणीच्या) चौकटींची उंची ओळींच्या अंतराशी कशी बांधायची ते शिकवतं. त्यातली ओळींची अंतरं जशीच्या तशी उचलू नका. वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे देवनागरीला अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर सोडून सुरुवात करावी, मग ग्रिड आखावी.

देवनागरीवर गंभीरपणे काम करणाऱ्याने बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडी ग्रंथ (१९७१) ग्रंथालयात बसून पाहावा. भाषा संचालनालयाने काढलेला हा ग्रंथ आज पुस्तकांच्या दुकानात शोधून उपयोग नाही.

ब्रँड मॅन्युअल (लोगो, रंग, अक्षरं वापरायचे नियम) कसं लिहायचं यासाठी वेगळं पुस्तक घेण्याची गरज नाही. नासाचं १९७५ चं ग्राफिक्स स्टँडर्ड्स मॅन्युअल नासाच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहे. लेटरहेडपासून वाहनांपर्यंत प्रत्येक पानावर एकच प्रश्न घेऊन त्याचं मापांसकट उत्तर दिलंय. मराठी ब्रँडसाठी त्या धर्तीवर दोन पानं जास्तीची घालावीत: शिरोरेषेची किमान जाडी (छपाईत पाव पॉइंटखाली जाऊ देऊ नये), आणि मराठी व रोमन नाव शेजारी ठेवताना कुठली उंची जुळवायची. शिरोरेषा रोमनच्या कॅपिटल उंचीला लावली की मात्रा वर निघतात आणि मराठी नाव मोठं दिसतं. ती थोडी खाली घेऊन दोन्ही नावांचं वजन डोळ्यांनी जुळवावं आणि ठरलेलं माप टक्क्यांत लिहून ठेवावं.