जुन्या ‘जनता’चे सुटे भाग : रत्नागिरीतील एका घड्याळजीचे दुकान

एचएमटीचे हातचावीचे घड्याळ बंद पडले, तर ते उघडून पाहणारा माणूस कोकणात अजूनही सापडतो. खरी अडचण त्यात घालायच्या सुट्या भागाची असते. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या या घड्याळांचा पसारा एके काळी घराघरांत होता, पण एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. आता दुरुस्ती करणाऱ्यांची भिस्त मुख्यतः जुन्या दुकानांच्या खणांत उरलेल्या मालावर आणि मोडीत निघालेल्या घड्याळांवर आहे. रत्नागिरीच्या बाजारपेठेतील ज्या दुकानाविषयी येथे लिहीत आहे, त्याचे बळ नेमके याच दोन गोष्टींत आहे.

दुकान म्हणजे एका कापडाच्या दुकानाला लागून असलेली अरुंद खोली. पुढच्या काचेच्या कपाटात बॅटरीवर चालणारी स्वस्त घड्याळे आणि पट्टे मांडलेले असल्यामुळे आत काय दडले आहे याची बाहेरून कल्पना येत नाही. मागच्या भिंतीला छोट्या खणांचे लाकडी कपाट असून चाव्या (बाजूची फिरवायची बटणे), स्टेम (चावीला आतून जोडलेली बारीक दांडी), काचा, काटे, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) असे सारे त्यात मशीनच्या क्रमांकानुसार लावलेले आहे. खालच्या पत्र्याच्या डब्यांत निकामी घड्याळांची अख्खी मशीन ठेवली आहेत. दमट हवेत पोलाद टिकावे म्हणून प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या असतात. समुद्रकाठी हा माल इतकी वर्षे गंजाविना राहिला, याचे श्रेय या शिस्तीला दिले पाहिजे.

माझे घड्याळ एचएमटीचे देवनागरी तबकडीचे ‘जनता’, झीज कमी करणाऱ्या सतरा खड्यांचे. पडल्यामुळे त्याच्या बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, आस मोडला होता आणि स्टेम गंजला होता. हा दुसरा आजार आपल्याकडचा नेहमीचा आहे. घाम आणि खारी हवा चावीच्या बाजूने आत शिरते, स्टेमवर तांबूस भुकटी धरते आणि ती भुकटी पुढे तेलात मिसळून चाकांपर्यंत पोहोचते. त्यामुळे नुसता स्टेम बदलून भागत नाही, मशीन पूर्ण उघडून धुवावे लागते. काही कारागीर हे सांगत नाहीत आणि सहा महिन्यांनी घड्याळ पुन्हा त्यांच्याच टेबलावर येते. येथील घड्याळजी काकांनी हे पहिल्या भेटीतच सांगितले आणि भिंगातून गंज दाखवलाही.

मोडलेला आस वेगळा काढून नवा बसवण्याऐवजी त्यांनी एका निकामी मशीनमधील बॅलन्स केसासारख्या स्प्रिंगसह पूर्णच उचलून बसवला. हे करताना “भाग मिळेल, पण जुना मिळेल. कोरा म्हणून कोणी देत असेल, तर आधी शंका घ्या,” असे त्यांनी स्पष्ट बजावले. स्टेम मात्र कोरा होता. असा स्टेम मुद्दाम लांब येतो आणि घड्याळाच्या मापाने कापावा लागतो. तो आखूड झाला तर चावी घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणाला, घासते आणि बाहेर ओढणे अवघड जाते. लांब राहिला तर चावी व केस यांच्यात फट पडून धूळ आत जाते. काकांनी तो कानशीने थोडा थोडा घासत चार-पाच वेळा बसवून पाहिला, आणि शेवटी नखाची कडही आत शिरणार नाही इतकी चावी केसला टेकली. दुकानाला माझ्याकडून सर्वाधिक गुण या कामासाठी.

तबकडीच्या बाबतीतही त्यांच्या सल्ल्याचा उपयोग झाला. ऑनलाइन विक्रेत्यांकडे ‘कोऱ्या’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तबकड्या जुन्यांवर नवा रंग चढवून छापलेल्या असतात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरट दिसतात आणि मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. माझ्या तबकडीवर डाग आहेत, तरी ती मूळची असल्यामुळे तशीच ठेवावी, असे त्यांचे मत पडले आणि मला ते पटले. तबकडी विकून चार पैसे मिळवण्याची संधी त्यांनी सोडली, ही नोंद करण्यासारखी बाब आहे.

उणिवाही आहेत. केसचा साठा जवळपास नाही. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेल्या जुन्या केस घामाने खड्डे पडून खराब होतात आणि त्यांना बदली येथे मिळत नाही. एचएमटीचे चिन्ह असलेली चावीही मिळाली नाही, साधी बसवावी लागली. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळते तेव्हा कोणता भाग कोरा व कोणता जुना हे तिच्यावर लिहिलेले नसते. ते आपण आग्रहाने लिहून घ्यावे. फोनवर दराचा अंदाजही देत नाहीत. माझ्याकडून सर्व्हिसिंग, स्टेम, चावी, बॅलन्स आणि काच मिळून साडेअकराशे रुपये घेतले. कामाची प्रत पाहता मला ते रास्त वाटले, परंतु घड्याळाच्या बाजारभावाशीच तुलना करणाऱ्याला ते जड वाटतील.

वेळेच्या बाबतीत, तासाला अठरा हजार ठोके देणाऱ्या या मशीनकडून बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळासारखी अचूकता अपेक्षितच नाही. माझे घड्याळ आता दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर पुढे जाते आणि एका चावीत दीड दिवस सहज चालते.

जाणाऱ्यांनी सकाळीच जावे, कारण दुपारी दुकान बंद असते आणि संध्याकाळी पट्टे व बॅटऱ्या बदलून घेणाऱ्यांची गर्दी असते. गणपतीच्या सुमारास तर नकोच. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरच्या कपाटांतली जुनी घड्याळे घेऊन येतात आणि तेव्हा दिलेले काम दिवाळीच्या आधी हातात पडत नाही.