कर्करोगाचा पॉलिप काढल्यानंतर: शस्त्रक्रिया की देखरेख?

कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) काढलेल्या पॉलिपमध्ये, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरील गाठीत, कर्करोग निघाला, की घरात पहिला प्रश्न येतो तो आता ऑपरेशन करायचे का हा, आणि त्याचे उत्तर बायोप्सीच्या अहवालात शोधावे लागते. पॉलिप एकसंध निघाला असेल, कापलेल्या कडेपासून कर्करोग किमान १ मिलिमीटर दूर असेल, पेशी फार विकृत नसतील आणि रक्तवाहिन्या वा लसवाहिन्यांत शिरकाव नसेल, तर लसग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) रोग पसरला असण्याची शक्यता इतकी कमी असते की बहुधा देखरेख पुरते. तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या पॉलिपची कड मात्र नीट तपासताच येत नाही, त्यामुळे तिथे असा भरवसा देता येत नाही.

शस्त्रक्रियेत आतड्याचा तो भाग लसग्रंथींसह काढतात व किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. बहुतेकांच्या ग्रंथींत काहीच सापडत नाही. तरीही भूल, आतड्याचा जोड गळण्याचा धोका आणि गुदाशयाच्या बाबतीत पोटावर शौचाची पिशवी लागण्याची शक्यता पत्करावी लागते. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाच्या अहवालात धोक्याचे लक्षण असेल, तर माझा कौल शस्त्रक्रियेला; हृदयविकार असलेल्या ऐंशीच्या आजींसाठी तो तसा नसेल.

देखरेखीत ठरल्या वेळी कोलोनोस्कोपी, सीटी स्कॅन आणि सीईएची (या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी येते. औशाहून किंवा किनवटहून मोठ्या शहरात पुन्हा पुन्हा जाणे, आदल्या रात्री पोट साफ करण्याचे औषध पीत जागणे आणि सोबतीला माणूस मिळणे सुगीतही जमेल का, हे डॉक्टरांनी आधीच विचारावे. बायोप्सीच्या काचपट्ट्या व ब्लॉक (मेणात जपलेले पॉलिपचे तुकडे) जपून ठेवावेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घेताना तेच लागतात.