सीमोर डंकन जेबी आणि स्टीलचा ब्लॉक: कशाने किती फरक पडतो

ब्रिजपाशी हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि पुढे दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप) अशा स्ट्रॅट, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारसाठी दोन सुटे भाग हमखास सुचवले जातात: सीमोर डंकन कंपनीचा जेबी पिकअप (तारांच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग) आणि ट्रेमोलोला, म्हणजे आर्मने सूर हलवणाऱ्या ब्रिजला, स्टीलचा ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा). दोन्ही भाग चांगले आहेत, घोळ होतो तो अपेक्षांचा. पिकअप बदलला की आवाजाचा स्वभावच बदलतो. ब्लॉकमुळे बदलते ती तार छेडल्यावरची पहिली धार, आणि तीसुद्धा आधीचा ब्लॉक किती लहान होता त्यावर अवलंबून. पैसे एकाच भागापुरते असतील तर पिकअप घ्या.

जेबीची मुळं 1970च्या दशकात गिटारवादक जेफ बेकसाठी बनवलेल्या पिकअपमध्ये आहेत. चुंबक अल्निको 5, रोध सुमारे 16.4 किलोओहम. हा आकडा बघून बरेच जण तो मेटलसाठीच आहे असं धरून चालतात. प्रत्यक्षात त्याची ताकद वरच्या मिड्समध्ये (मधल्या पट्टीच्या वरच्या भागात) आहे. सोलोत बारीक तारा गळा मोकळा करून गातात आणि व्हॉल्यूम सहा-सातवर आणला की डिस्टॉर्शन छान निवळतं. जाड ई तारेवर पाम म्यूट करून (तळहाताची कड तारेवर टेकवून) वेगाने रिफ वाजवली की मात्र खालचा भाग थोडा सैल पडतो. तेवढंच वाजवणाऱ्याने त्याच कंपनीचा सिरॅमिक चुंबकाचा एसएच-5 पाहावा, तो या कामाला जास्त घट्ट आहे.

मागवताना जेबीचा एसएच-4 की टीबी-4 हे नीट बघा. आवाज तोच, पण टीबीचे पोल पीस (प्रत्येक तारेखालचे धातूचे खुंटे) जास्त अंतरावर असतात, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 52.6 मिलिमीटर. ट्रेमोलो ब्रिजच्या तारा त्यावर बरोबर येतात. गिटारच्या लाकडात हंबकरची खोबण नसेल तर सिंगल कॉइलच्या मापाचा जेबी ज्युनियर मिळतो. तो मोठ्या भावासारखा भरदार नाही, पण पटाशी-राउटर न चालवता बसतो.

आता पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालचा बदलता रोध. जेबीबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर पॉटच्या असतात. 500 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट असेल तर वरच्या मिड्सचा उंचवटा पूर्ण उघडा पडतो आणि ब्राइट अ‍ॅम्पवर आवाज कानात टोचतो. तोच पिकअप 250 किलोओहमच्या पॉटवर गोलसर होतो, आणि अशा गिटारमध्ये मला तोच जास्त आवडतो. सिंगल कॉइलनाही 250च हवा असतो, त्यामुळे एकाच पॉटमध्ये दोन्ही कामं भागतात. हंबकरला 500च हवा असा हट्ट असेल तर 500चा पॉट लावा आणि स्विचमधून फक्त सिंगल कॉइलच्या वाटेवर, सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये, 470 किलोओहमचा रेझिस्टर जोडा. दोन्ही मिळून 242च्या आसपास भरतात.

वायरिंगमध्ये सीमोर डंकनचे रंग असे: काळी वायर सिग्नल, हिरवी आणि उघडी तार ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळायची. डिमार्झिओचे रंग वेगळे आहेत, तिथे लाल सिग्नल असते. दुसऱ्या कंपनीची आकृती समोर ठेवून जोडणी केली की घोटाळा ठरलेला. कॉइल स्प्लिट (हंबकरची एकच कॉइल वाजवणं) हवं असेल तर लाल-पांढरीचा जोड पुश-पुल पॉटमधून (ओढून-दाबून चालणाऱ्या स्विचच्या पॉटमधून) ग्राउंडला न्या. मात्र स्प्लिट केल्यावर अस्सल स्ट्रॅटचा आवाज मिळेल अशी आशा नको. आवाज पातळ होतो, बारीक होतो, बाकी फारसं काही हाती लागत नाही.

तारा चढवण्याआधी जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच ब्रिजवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. साधारण 15 ते 16 किलोओहम दिसले पाहिजेत. समांतर पॉटमुळे आकडा थोडा उतरतो, ते ठीक. आठच्या आसपास दिसले तर लाल-पांढरीचा जोड कुठेतरी ग्राउंडला टेकलाय. मीटर 250 किंवा 500च्या जवळ गेला तर पिकअपचा एखादा टाका सुटलाय आणि मीटर फक्त पॉट मोजतोय. शून्य आलं तर सिग्नल थेट ग्राउंडला गेलाय, बहुतेक वेळा जॅकपाशीच.

ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना कापतायत. काळी आणि हिरवी अदलाबदल करा. उघडी तार ग्राउंडलाच राहू द्या, ती हलवली तर हम (घुंईऽ असा आवाज) वाढेल.

उंचीसाठी शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरपासून सुरुवात करा. जेबी शेजारच्या सिंगल कॉइलपेक्षा खूप मोठा वाजतो, म्हणून तोच खाली न्या. सिंगल कॉइल वर चढवून बरोबरी साधायला गेलात तर त्यांचं चुंबक जाड तारांना ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

स्टीलच्या ब्लॉकचं खरं काम मोजमापात आहे. स्वस्त गिटारमधला जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा ब्लॉक अनेकदा 36 मिलिमीटरच्या आसपास असतो, पूर्ण मापाचा 42च्या आसपास. लहान ब्लॉक काढून पूर्ण स्टीलचा घातला तर जाड तारांची धार स्पष्ट होते, नाद थोडा लांबतो. आधीचा ब्लॉक पूर्ण मापाचा असेल तर फरक ओळखायला कान टवकारावे लागतील. बॉडी पातळ असेल तर मोठा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो आणि झाकण बसत नाही, म्हणून आधी बॉडीची जाडी मोजा. प्लेटला ब्लॉक धरणाऱ्या स्क्रूंची भोकं जुळतात का, हेही बघा. पूर्ण ब्रिजच बदलणार असाल तर ब्रिज बॉडीला धरणाऱ्या सहापैकी टोकाच्या दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजा: विंटेज मापात ते 56.4 मिलिमीटर असतं, आशियाई बनावटीत बरेचदा 52.5. आर्मचे आटेही वेगळे असतात. अमेरिकन माप 10-32, आशियाई बहुधा एम6. जुना आर्म जबरदस्तीने पिळलात तर नव्या ब्लॉकचे आटे जातील.

बसवताना सहा स्क्रूंपैकी मधले चार किंचित वर ठेवा, म्हणजे प्लेट टोकाच्या दोन स्क्रूंवर झुलेल. मागची कड बॉडीपासून 3 मिलिमीटर उचललेली असावी. 9-42 तारांना (बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तीन स्प्रिंगा पुरतात, 10-46 घातल्या तर क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पट्टीचे) स्क्रू आत घ्या किंवा चौथी स्प्रिंग लावा. क्लॉवरची ग्राउंड वायर या खटाटोपात निघून आली तर हम येतो, आणि तारेला हात लावला तरी तो कमी होत नाही. ती परत जोडायला ताकदवान सोल्डरिंग आयर्न लागेल, कारण क्लॉ उष्णता शोषून घेतो. आर्म वापरल्यावर सूर उतरत असेल तर ब्लॉकला बोल लावू नका. बहुतेक वेळा तार नटच्या (मानेच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाचेत अडकते, तिथे पेन्सिलचं शिसं घासून पाहा.