दर वसंतात परत येणारे कंद: मुंबईच्या खिडकीत ट्युलिप लावावे, अमरिलिस की फुटबॉल लिली?

हिवाळा जवळ आला की ट्युलिपचे कंद ऑनलाइन सहज मिळू लागतात, आणि एकदा लावले की ते दर वर्षी फुलतील अशा अपेक्षेने अनेक जण ते मागवतात. मुंबईत ही अपेक्षा पुरी होत नाही. म्हणून खरेदीपूर्वी एकच गोष्ट स्वतःशी ठरवून घ्यावी: आपल्याला एका हंगामापुरते फूल हवे आहे, की त्याच कुंडीतून वर्षानुवर्षे पुन्हा वर येणारा कंद हवा आहे?

ट्युलिपचे मूळ घर मध्य आशियातल्या तिएन शानसारख्या डोंगररांगांत आहे, जिथे हिवाळा गोठवणारा आणि उन्हाळा कोरडा असतो. कंदाच्या पोटात तयार असलेली कळी लांब दांड्यावर वर यावी, यासाठी त्याला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. मुंबईत जानेवारीचे सरासरी किमान तापमानच १६-१७ अंशांच्या आसपास असते. १९६२च्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ अंशांचा नीचांक नोंदला गेला, पण अशा एखाद्या रात्रीने ट्युलिपचे भागत नाही. ही थंडी कशीबशी मिळवून दिली तरी दुसरा अडथळा उरतोच. फुललेला मूळ कंद त्याच हंगामात संपतो आणि त्याच्या जागी नवे कंद भरावे लागतात. त्यासाठी फूल गेल्यावरही पाने काही आठवडे थंड हवेत हिरवी राहायला हवीत. आपल्याकडे फेब्रुवारीतच दुपारचा पारा तिशीपार जातो, पाने अकाली पिवळी पडतात आणि मातीत लसणाच्या पाकळीएवढे कंद उरतात, ज्यांच्यात फूल धरण्याइतका साठाच नसतो. जूनच्या पावसात तेही कुजतात.

तरीही एकदा ट्युलिप फुलवून पाहायचे असेल, तर आधीच थंडी दिलेले कंद घेऊन डिसेंबरमध्ये लावावेत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत गार रात्री त्यांच्या वाट्याला येतील. घरीच थंडी द्यायची असल्यास कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, मात्र त्याच फ्रिजमध्ये सफरचंदे किंवा पिकलेली फळे असू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते. थंडी अपुरी पडली तर दांडा आखूड राहतो आणि कळी पानांच्या बेचक्यातच सुकते. सगळे नीट जमले तरी मुंबईच्या उकाड्यात फूल फार टिकत नाही आणि पुढच्या वर्षी नवे कंद विकत घ्यावेच लागतात.

हमखास परतणाऱ्या ट्युलिपच्या जाती जगात आहेत, हे खरे. ‘आपेलडॉर्न’सारखे ‘डार्विन’ गटातले संकर थंड प्रदेशांत बरीच वर्षे फुलतात, आणि पश्चिम हिमालयापर्यंत रानटी अवस्थेत आढळणाऱ्या ट्युलिपा क्लुझियानाला थंडी तुलनेने कमी पुरते. पण या जातींनाही विश्रांतीचा काळ कोरडा लागतो, त्यामुळे कोकणपट्टीच्या पावसात त्यांचा निभाव लागणे कठीण आहे. महाबळेश्वरला घर असलेल्यांनीही आशा धरू नये. तिथली थंडी ट्युलिपच्या मानाने सौम्य आहे आणि पाऊस मुंबईपेक्षा कितीतरी अधिक. ट्युलिपचे ताटवे डोळे भरून पाहायचे असतील तर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुमारास श्रीनगरला जावे. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेली तिथली बाग त्यासाठीच आहे.

परतण्याच्या कसोटीवर माझी पहिली पसंती अमरिलिसला आहे. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, शास्त्रीय नावाने हिपिअस्ट्रम. हिला थंडीची गरजच नसते, थोडी कोरडी विश्रांती पुरते. ट्युलिपप्रमाणे हिचा कंद फुलल्यावर संपत नाही, तर वर्षागणिक जाड होत जातो. आत साधारण दर चार पानांमागे एक फुलाचा दांडा घडतो, म्हणून पावसाळ्यात जितकी पाने जोमाने वाढतील तितके पुढचे दांडे अधिक. यामुळेच, फुले संपली की पाने कापून कुंडी ‘स्वच्छ’ करण्याची सवय या झाडाला सर्वांत घातक ठरते. कंद लावताना त्याचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा, माती, वाळू आणि शेणखत सम प्रमाणात घ्यावे, डिसेंबरपासून पाणी जवळजवळ बंद करावे आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू करावे. मार्च-एप्रिलमध्ये कंदाच्या कुशीतून चपट्या चोचीसारखे हिरवे टोक डोकावते, तोच दांडा.

अमरिलिस घेताना खोक्यातून येणाऱ्या मोठ्या फुलांच्या परदेशी संकरांपेक्षा जुन्या वाड्या-बागांतून दिसणारी शेंदरी जात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. संकर पहिल्या वर्षी कंदातल्या साठ्यावर थाटात फुलतात, पण लहान कुंडीत दुसऱ्या वर्षी अनेकदा नुसती पानेच देतात. शेंदरी जातीला पिल्लेही, म्हणजे मूळ कंदाच्या बाजूला फुटणारे लहान कंदही, भरपूर येतात, त्यामुळे ती शेजाऱ्यांकडून मागून आणता येते. पिल्लू फुलायला मात्र दोन-तीन वर्षे लागतात. पावसाळ्यात काळ्या अंगावर रंगीत ठिपके असलेल्या अळ्या एका रात्रीत पाने फस्त करतात, तेव्हा पानांची खालची बाजू रोज पाहून त्या हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे.

घरात ऊन कमी असेल तर फुटबॉल लिली घ्यावी. नर्सरीत हिला मे फ्लॉवर म्हणतात. आफ्रिकेतून आलेला हा कंद हिवाळ्यात पूर्ण झोपतो, कुंडी रिकामी वाटते, आणि वैशाखातल्या उकाड्यात पानांच्या आधी दांडा येऊन त्यावर शंभराहून अधिक बारीक फुलांचा लाल चेंडू उमलतो. म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाच्या वसंतात तो बरोबर बसतो. वर्षातून एकदाच, आठ-पंधरा दिवसांचे हे सुख आहे. अमरिलिसला मात्र एकाहून अधिक दांडे येऊ शकतात. फुटबॉल लिलीला वारंवार कुंडी बदललेली मानवत नाही, आणि रिकामी समजून ती कुंडी दुसऱ्या रोपासाठी खोदली जाण्याचा धोका असतो, म्हणून तिच्यावर खूण करून ठेवावी.

निशिगंधाचा विचारही अनेक जण करतात. त्याचा बहर पावसाळ्यात आणि नंतर येतो आणि त्याला दिवसभराचे ऊन लागते, त्यामुळे तो गच्चीचा कंद आहे, ग्रिलचा नव्हे. रेन लिली सर्वांत सोपी आणि स्वस्त, पण ती पहिल्या पावसाबरोबर फुलते, वसंतात नव्हे.

तेव्हा पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत तीन-चार तास थेट ऊन येत असेल तर अमरिलिस, समोरच्या इमारतीची सावली पडत असेल तर फुटबॉल लिली, आणि ट्युलिप केवळ दर वर्षीचा खर्च मान्य असेल तरच. तिन्हींचे कंद पोटात गेल्यास विषारी असतात. मांजर किंवा रांगते मूल असलेल्या घरात कुंड्या उंचावर टांगाव्यात. अमरिलिस आणि फुटबॉल लिलीचे कंद जानेवारी-फेब्रुवारीत, झोपेत असताना घ्यावेत. घेताना बूड अंगठ्याने दाबून पाहावे आणि जे मऊ लागेल किंवा ज्याला कुजका वास येईल, ते परत ठेवावे.