जेमवर 14 महिने: माल स्वस्त मिळाला, पण तिसऱ्या मजल्यावर कोणी न्यायचा?

काल संध्याकाळी आमच्या कार्यालयाच्या फाटकात टेम्पो येऊन उभा राहिला, चालकाने खाली उतरण्याआधीच ‘साहेब, वर चढवायची हमाली वेगळी पडेल’ असे सांगितले आणि गेल्या 14 महिन्यांत जेमविषयी, म्हणजे ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलविषयी, मनात जे काही साठले आहे ते एकदाचे लिहून काढावे असे मी ठरवले. मी केंद्र सरकारच्या एका लहान कार्यालयात भांडार आणि खरेदी पाहतो. आमचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. हा तपशील किरकोळ वाटेल, पण माझा जवळजवळ सगळा अनुभव त्याच्याभोवतीच फिरतो.

जेम 9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी 31 ऑक्टोबरला केंद्र सरकारसाठी खरेदीचे दर ठरवणारे पुरवठा व निपटान महासंचालनालय बंद झाले. त्याआधी आम्ही महासंचालनालयाच्या दरकरारांच्या यादीतून वस्तू आणि पुरवठादार निवडून पुरवठा आदेश काढत असू. दर ठरवण्याचे डोके दुसऱ्याने चालवलेले असे आणि आमचे काम कागदांवर सह्या घेत फिरण्याचे असे. आता सामान्य वित्तीय नियमांतील नियम 149 प्रमाणे, जेमवर जे मिळते ते जेमवरूनच घ्यायचे. 50,000 रुपयांपर्यंत थेट खरेदी करता येते, त्यापुढे 10 लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दर घ्यायचा आणि त्याहून मोठ्या रकमेसाठी बिड (म्हणजे विक्रेत्यांकडून दर मागवणे) किंवा रिव्हर्स ऑक्शन (म्हणजे विक्रेते एकमेकांपेक्षा कमी दर बोलतात तो उलटा लिलाव) करायचे. हे सगळे मला पाठ होते. गेली 14 महिने खाते माझ्याच हाती आहे आणि पहिल्या खरेदीतच मला कळले की पाठ असणे आणि फाटकात उभे राहणे यांत बराच फरक आहे.

पहिली खरेदी होती सहा लोखंडी कपाटांची. तुलनेत सर्वांत कमी दर 10,450 रुपये निघाला, म्हणजे एकूण 62,700 रुपये. बाजारात मी स्वतः तीन दुकाने फिरून दर विचारून ठेवले होते, त्यामुळे मला मनापासून आनंद झाला. जेमवरच्या दरात कर, वाहतूक आणि ठिकाणावर माल उतरवणे हे सगळे धरलेले असते, असे अटींमध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. प्रत्यक्षात टेम्पोवाल्याने सहाही कपाटे फाटकाजवळच्या पोर्चमध्ये उतरवली, पावतीवर सही मागितली आणि वर न्यायचे असेल तर कपाटामागे 300 रुपये, म्हणजे एकूण 1,800 रुपये लागतील असे सांगितले. ‘ठिकाण’ म्हणजे फाटक की तिसरा मजला, यावर आमची भर उन्हात अर्धा तास चर्चा झाली. मी पैसे देण्यास नकार दिला. किरकोळ खर्चातून ते देता आले असते, हे मला मान्य आहे. पण ज्या कामाचे पैसे दरात आधीच मोजले आहेत त्याचे प्रमाणक (व्हाउचर) पुन्हा कोणत्या तोंडाने लिहायचे, हा माझा प्रश्न होता आणि आजही आहे. कपाटे दोन रात्री पोर्चमध्ये राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही पाच जणांनी ती दोऱ्या बांधून वर चढवली. त्या दुपारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कपाटाचा कोपरा भिंतीत रुतलेला असताना, मी पुरवठादाराला, पोर्टलला आणि लिफ्ट न बसवणाऱ्या वास्तुरचनाकाराला एकाच वेळी शिव्या घातल्या.

त्या आठवड्यात मी हा अनुभव लिहिला असता तर तो पूर्णपणे नकारात्मक झाला असता. तसा तो झाला नाही, याचे कारण सहावे कपाट. त्याच्या मागच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा होता आणि खालचा कप्पा खाचेत बसत नव्हता. पोचा जिन्यात पडला नव्हता याची मला खात्री होती, कारण पोर्चमध्ये खोके फोडतानाच मी फोटो काढून ठेवला होता. आता इथे जेमची खरी रचना कामाला येते आणि ती पुष्कळ कार्यालये गांभीर्याने घेत नाहीत. माल आला की 48 तासांत तात्पुरत्या पोचपावतीची, म्हणजे पीआरसीची, नोंद करायची असते; तिचा अर्थ माल पोहोचला एवढाच. त्यानंतर, पोचपावतीतील तारखेपासून 10 दिवसांत माल तपासून स्वीकृती प्रमाणपत्र द्यायचे, ज्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे जण ‘क्रॅक’ म्हणतात. त्यात किती नग स्वीकारले आणि किती नाकारले हे वेगवेगळे भरता येते आणि नाकारलेला माल पुरवठादाराला स्वतःच्या खर्चाने परत न्यावा लागतो. मी पाच स्वीकारले, एक नाकारले आणि कारण दोन ओळींत लिहिले. एरवी फोन न उचलणाऱ्या विक्रेत्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्वतःहून फोन आला. सोळाव्या दिवशी नवे कपाट आले आणि ज्या टेम्पोवाल्याने आधी 300 रुपये मागितले होते त्यानेच ते आपल्या साथीदारासह एक अक्षर न बोलता तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवले.

तेव्हापासून माझे मत असे झाले की जेमवरची खरेदी ‘ऑर्डर’चे बटण दाबताना होत नाही, ती या 10 दिवसांत होते. पूर्वी भांडारपालाने माल मोजला, नोंदवहीत चढवला की संपले. फरक निघाला तर पत्रव्यवहार सहा महिने चालत असे आणि तोवर देयक निघालेले असे. आता क्रॅकनंतर 10 दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास दरमहा 1 टक्का दराने दंडात्मक व्याज लागते, त्यामुळे ‘आधी सही करून टाकू, मग बघू’ ही आमची जुनी सवय महाग पडते. पोर्टलने माझ्या हातात दिलेले एकमेव खरे हत्यार म्हणजे नकाराचा तो रकाना, आणि त्याला मुदत आहे.

या मुदतीचा फटका आम्हालाही एकदा बसला, पण त्यात दोष पूर्णपणे आमचा होता. आमचे माल स्वीकारणारे अधिकारी बदलून गेले, पोर्टलवरची त्यांची भूमिका वेळेत दुसऱ्याच्या नावावर करण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही आणि खात्याचा ओटीपी 200 किलोमीटरवर, निवडणुकीच्या कामात असलेल्या त्यांच्या मोबाइलवर जात राहिला. रोज दुपारी दोन वाजता त्यांना फोन करून सहा आकडे विचारणे यात कोणाचीच शोभा नव्हती. बदलीच्या आदेशाबरोबर खात्याचेही हस्तांतर करावे, एवढेच या बाबतीत सांगण्यासारखे आहे.

हमालीकडे परत येतो, कारण माझा तो विषय अजून संपलेला नाही. पुढची खरेदी 40 खुर्च्यांची होती. रक्कम तुलनेच्या पद्धतीत बसत असूनही मी मुद्दाम बिड काढले, कारण थेट खरेदीत किंवा तुलनेत खरेदीदाराला स्वतःच्या अटी घालता येत नाहीत, बिडमध्ये येतात. मी एकच अट घातली: माल तिसऱ्या मजल्यावरील खोलीपर्यंत पोहोचवून जोडून द्यावा, इमारतीत लिफ्ट नाही, दर त्यानुसार भरावा. आमच्या लेखा शाखेचे म्हणणे होते की यामुळे दर वाढतील. रिव्हर्स ऑक्शनच्या दिवशी आम्ही तिघे पडद्यासमोर बसलो होतो. 4,150 रुपयांपासून सुरू झालेला दर पहिला तासभर हललाच नाही, शेवटच्या काही मिनिटांत दोन विक्रेते एकमेकांखाली दहा-दहा, वीस-वीस रुपयांनी उतरू लागले आणि 3,380 रुपयांवर थांबले. खुर्च्या वर आल्या, जोडून मिळाल्या, कोणीही हात पसरला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी चक्क शीळ घालत होतो, असे बायकोने नंतर सांगितले.

मात्र आनंद ओसरल्यावर एक गोष्ट मला टोचत राहिली. कपाटांच्या वेळी 10,450 रुपये हा दर सर्वांत कमी होता तो नेमका कशामुळे? विक्रेत्याने अटीतले ‘उतरवणे’ वाचून न वाचल्यासारखे केले होते, म्हणूनच तो इतरांच्या खाली गेला असावा, असे आता मला वाटते. ज्याने हमाली प्रामाणिकपणे दरात धरली असेल तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर राहिला आणि आम्ही त्याच्याकडे पाहिलेही नाही. तेव्हा टेम्पोवाल्यावर काढलेला राग अस्थानी होता; त्या माणसाला वर चढवण्याचे पैसे कोणीच दिले नव्हते, आणि फुकट चढवावे असे मीही म्हणू शकत नाही. ते पैसे विक्रेत्याने द्यावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून कालचा प्रसंग. 16 यूपीएस बॅटऱ्या, प्रत्येक उचलताना कंबर आठवावी इतकी जड. चालकाने हमालीचा विषय काढताच मी पुरवठा आदेशासोबतचा अटींचा कागद त्याच्यासमोर धरला आणि तिसऱ्या मजल्याची ओळ बोटाने दाखवली. त्याने विक्रेत्याला फोन लावला, दोघांचे काही वेळ तावातावाने बोलणे झाले, मग त्याने फोन खिशात घातला आणि विचारले, ‘साहेब, माझे पैसे तो देतोय म्हणाला, पण एवढे लिहून मिळेल का?’ मी पोचपावतीच्या मागे माल वर पोहोचल्याची वेळ लिहून सही करून दिली. सात वाजून दहा मिनिटांनी शेवटची बॅटरी वर आली. आज सकाळी पीआरसी केली आहे, क्रॅकची शेवटची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली आहे आणि उद्यापासून एकेक बॅटरी भार देऊन तपासायला घेणार आहे.