आठवी तार: दोन पीसी एकाच केबलने जोडून अकरा महिने

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री बाबांच्या भजनांचं फोल्डर दादाच्या पीसीवर टाकायला घेतलं आणि विंडोजने उरलेला वेळ दाखवला: तीन तास पंचवीस मिनिटं. एकूण माल १४० जीबी. चैत्रात एवढीच मोठी कॉपी वीस-बावीस मिनिटांत उरकली होती. केबल तीच, पीसी तेच, फोल्डरही तेच. वेग मात्र सेकंदाला ११२ एमबीवरून ११ एमबीवर आला होता, बरोबर एक दशांश. अनुभव लिहायला बसलो तो या आकड्यामुळे.

आधी मांडणी सांगतो. पुण्यात धायरीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माझा पीसी आत, दादाचा हॉलमध्ये. दोन्ही मदरबोर्डवर गिगाबिट लॅन पोर्ट आहे (नेटवर्कची केबल लावायची जागा; वेग १००० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट). दिवाळीनंतर मी १५ मीटर कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल आणून दोन्ही पीसी थेट एकमेकांना जोडले. मध्ये राउटर नाही, स्विच (अनेक मशीन जोडायचा डबा) नाही. केबल १८ रुपये मीटरने २७०, दोन प्लग आणि ते केबलवर दाबून बसवायचे, म्हणजे क्रिम्पिंगचे ५०, एकूण ३२०. त्याआधी आम्ही पेन ड्राइव्हने फायली नेत होतो किंवा वाय-फायवरून पाठवत होतो. वाय-फायवर सेकंदाला चार-पाच एमबीच्या वर कधी गेलो नाही. त्यात दोन्ही पीसी वाय-फायवर असले की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, त्यामुळे मिळायचा तो वेगही निम्मा होतो.

दुकानदाराने मला आधी ‘क्रॉस केबल’ घ्यायला सांगितलं होतं, तिचे पैसे जास्त. ती घेऊ नका. जुन्या १०० एमबीपीएसच्या कार्डांना थेट जोडणीसाठी एका टोकाला तारांची अदलाबदल लागायची. गिगाबिट कार्डं ती अदलाबदल आतल्या आत करून घेतात, साधी सरळ केबल चालते. दोन्ही टोकांना सारखे प्लग असलेली यूएसबी केबलही त्यांनी काढून दाखवली. तिला हात लावू नका. त्यात दोन पीसींचे पाच-पाच व्होल्ट समोरासमोर येतात आणि पोर्ट जाऊ शकतो. मधोमध चिप असलेली यूएसबी डेटा-लिंक केबल वेगळी, ती चालते, पण वेग बेताचा आणि गेमसाठी फारशी उपयोगाची नाही.

विंडोजमधली जुळणी मला एका संध्याकाळीत जमली, अडलो दोन ठिकाणी. माझ्या पीसीला १९२.१६८.५०.१ आणि दादाच्या पीसीला १९२.१६८.५०.२ असे नेटवर्कचे (आयपी) पत्ते हाताने दिले, सबनेट २५५.२५५.२५५.०. गेटवेचा, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जायच्या वाटेचा, रकाना मुद्दाम रिकामा सोडला. तो रिकामा राहिला की इंटरनेट वाय-फायवरूनच चालू राहतं आणि केबल फक्त दोघांमधल्या कामाला उरते. पण गेटवे नसला की विंडोज त्या जोडणीला अनोळखी समजून ‘पब्लिक’ ठरवतं आणि फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची भिंत) शेअरिंग अडवून धरते. पुष्कळ जण इथे फायरवॉलच बंद करून टाकतात. तसं करू नका, पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) तेवढी एक जोडणी ‘प्रायव्हेट’ करा. दुसरी अडचण पासवर्डची. दादाच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि बिनपासवर्डच्या खात्याने नेटवर्कवरून आत शिरायला विंडोज मुळातच मनाई करतं. तासभर ‘अॅक्सेस डिनाइड’ बघितल्यावर हे लक्षात आलं. पासवर्ड टाकला आणि फोल्डर उघडलं.

पहिले सहा-सात महिने मी फार खूश होतो. रविवारी रात्री जेवणं झाली की दोघं काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. माझ्याकडे सर्व्हर, दादा कन्सोल उघडून ‘कनेक्ट’ आणि माझा पत्ता टाइप करायचा. पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायचा वेळ, एका मिलिसेकंदाच्या आत. वाय-फायवर मधूनच जो झटका बसायचा, दार ओलांडताना माणूस अचानक दोन पावलं मागे दिसायचा, ते पूर्ण बंद झालं. १९९९ चा मूळ एज ऑफ एम्पायर्स २ चालवायला विंडोजच्या जुन्या घटकांमधला डायरेक्टप्ले चालू करावा लागला, मग तोही सुरळीत चालला. पावसात आमच्या भागातलं फायबर तुटलं, दोन दिवस नेट नव्हतं. आम्ही दोन्ही रात्री खेळलो. स्टीमने (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) २०२३ मध्ये एका पीसीवरचा गेम घरातल्या दुसऱ्या पीसीवर थेट उतरवायची सोय दिली, तिचाही खूप फायदा झाला. गेम दोघांच्या खात्यात हवा आणि सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. मी एकदा उतरवलेला ६० जीबीचा गेम दादाला पुन्हा नेटवरून ओढावा लागत नाही.

तर त्या रात्री वेग ११ वर का आला? जोडणीच्या तपशिलात बघितलं, लिंक स्पीड १०० एमबीपीएस दाखवत होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसवर सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात. केबलच्या आत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी नुसती पडून असते. गिगाबिटला मात्र आठही लागतात. निळ्या-तपकिरीतली एक जरी तुटली तरी बरीच कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात. त्यांच्याकडून ना सूचना, ना लाल फुली. पोर्टवरचा दिवा पेटलेला, गेम चालू, सगळं चालू. गेमला डेटा इतका थोडा लागतो की तिथे काहीच कळत नाही. कळतं ते मोठी फाइल पाठवतानाच.

मी केबल घेऊन दुकानात गेलो. त्यांनी ती त्यांच्या राउटरला लावली, मोबाइलवर नेट चालवून दाखवलं आणि म्हणाले, “साहेब, चालतेय की. लाइट पेटतोय ना?” मी म्हणालो, “चार तारांवरही पेटतो. आठ तपासा.” त्यांच्याकडे टेस्टर होता, लावला. एक ते सात दिवे ओळीने पेटले, आठवा नाही. तपकिरी. तरीही बदलून दिली नाही. वापरलेली केबल परत घेत नाही म्हणाले. नव्याने क्रिम्प करायचे पन्नास सांगितले. ज्या कामाचे मी एकदा पैसे दिले होते त्याच कामाचे पुन्हा. मला याचा राग आला आणि अजून आहे. घरोघरी नेटचे प्लॅन बहुतेक १०० एमबीपीएसच्या आतबाहेरचे, म्हणून आठवी तार तुटलेली कोणाच्या लक्षात येत नाही, आणि म्हणून कोणी ती तपासतही नाही.

त्याच दिवशी ३५० रुपयांचं क्रिम्पिंग टूल, १८० चा टेस्टर आणि ६० रुपयांचे दहा प्लग घेतले. घरी दोन्ही टोकं कापून नव्याने बसवली. क्रम पाठ करण्यासारखा आहे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. प्लगची क्लिप खाली ठेवून डावीकडून. आठवा दिवा पेटला, वेग ११२. प्लगची बसवणी कच्ची होती एवढाच निष्कर्ष काढून मी हे सगळं श्रावणात लिहून ठेवलं, आणि शेवटी सल्ला दिला होता की १८ रुपये मीटरची केबल घ्या, फक्त प्लग स्वतः बसवा.

तो सल्ला आता मागे घेतोय. तीन आठवड्यांत वेग पुन्हा ११ झाला, पुन्हा आठवा दिवा गेला. या वेळी प्लग नवा होता, माझ्या हातचा होता, आणि भिंग लावून बघितला तर तारा शेवटपर्यंत पोचलेल्या दिसत होत्या. मग दाराच्या चौकटीपाशी केबल जिथे काटकोनात वळते तिथे बोटांनी चाचपत गेलो. तिथे तपकिरी तार आतून तुटली होती. वरचं आवरण धड होतं. तार काढून ब्लेडने खरवडली, तर आतून पांढरी. तांब्याचा नुसता मुलामा, आत अॅल्युमिनियम. केबलच्या आवरणावर ‘कॅट ६’च्या पुढे बारीक अक्षरात ‘सीसीए’, म्हणजे कॉपर-क्लॅड अॅल्युमिनियम, छापलेलं होतं. माझ्या बिलावर हाताने लिहिलेलं होतं ‘कॉपर’.

अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा ठिसूळ, वाकवलं-सरळ केलं की लवकर तुटतं. एकदा भिंतीवर ठोकून पुन्हा कधी न हलणारी केबल असेल तर कदाचित वर्षानुवर्षं टिकेल. पण आमच्या घरात ती दाराखालून जाते. आई केर काढताना उचलते, दार लागताना दबते, फरशी पुसताना सरकते. महिन्यातून साठ-सत्तर वेळा ती तिथेच वाकत असणार. टेस्टरचा दिवाही फक्त तार अखंड आहे का एवढंच सांगतो, कशाची आहे ते सांगत नाही. म्हणून दुकानातच अर्धा इंच सोलून खरवडून बघा. विकणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

नवी केबल पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून आणली, ३२ रुपये मीटर, १५ मीटरचे ४८०. दुकानातल्या काकांनी मी न सांगता टोक सोलून दाखवलं, आतून बाहेरून लालसर. हातात घेतली तेव्हाच वजनात फरक कळला. ही केबल मी दाराखालून नेली नाही. चौकटीच्या वरून, वळणाला मोठा गोल देऊन क्लिपा मारल्या. शेवटचे दोन-दोन फूट, जिथे पीसी साफ करताना सारखं काढ-घाल होते, तिथे बाजारातले तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या आखूड केबला) जोडले. एकसंध तांब्याची तार भिंतीवर टिकते, पण हलवाहलवीला आतून बारीक तारांची मऊ पॅच कॉर्डच बरी. आधी मी तयार पॅच कॉर्डला उधळपट्टी म्हणायचो. आता तसं म्हणत नाही.

हिशेब मांडतो. पहिली केबल ३२०, अवजारं आणि प्लग ५९०, दुसरी केबल ४८०, पॅच कॉर्ड आणि जोडण्या २४०. एकूण १,६३०. पहिल्यांदाच तांब्याची घेतली असती तर साडेपाचशेच्या आसपास भागलं असतं. दोन-सव्वादोनशे वाचवायला निघालेल्या माणसाला हे लागतं. अवजारं मात्र वाया गेली नाहीत, इमारतीतल्या तीन घरांच्या केबला मी नीट करून दिल्या. तिन्हीकडे आठवा दिवा बंद होता.

स्विच लागतो का असा मे महिन्यात मामेभाऊ लॅपटॉप घेऊन आला तेव्हा प्रश्न पडला. दोनच पीसी असतील तर नको. तिसरं मशीन आलं की घ्या, पण गिगाबिटचाच. स्वस्त १०० एमबीपीएसचा घेतला तर आठव्या तारेसाठी केलेला सगळा आटापिटा फुकट. हेच नेट कंपनीच्या राउटरचं. मागचे लॅन पोर्ट किती वेगाचे आहेत ते आधी बघा, काहींवर एकच पोर्ट गिगाबिट असतो.

माझा जीव एका तपकिरी तारेत एवढा का अडकला, तेही सांगतो. बाबांच्या भजनी मंडळाच्या ९४ कॅसेट मी पीसीवर उतरवल्यात. त्या मंडळातले निम्मे आवाज आता या जगात नाहीत. माझ्या पीसीवर आणि दादाच्या पीसीवर अशा दोन ठिकाणी त्या असायलाच हव्यात असं मी ठरवलंय. वेग ११ असला की माणूस कॉपी उद्यावर टाकतो, आणि मी खरंच आषाढीनंतर पंधरा दिवस ती टाकली. ११२ असला की दर कॅसेटनंतर लगेच पाठवून मोकळा होतो. दसऱ्याला पुन्हा सगळं तपासलं, दोन्हीकडची फाइलसंख्या जुळली. आणखी २३ कॅसेट ट्रंकेत आहेत, त्यातल्या चारांना बुरशी लागलीय, त्यांच्यापासून सुरुवात केली आहे.