दहावीची कथा: पाठ करून न्यायची, की गावातून उचलायची?

दहावीच्या मराठी कुमारभारतीची, म्हणजे प्रथम भाषा मराठीची, कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) ८० गुणांची, वेळ तीन तास. त्यातले २४ गुण शेवटच्या उपयोजित लेखनाचे. पत्र किंवा सारांशाला ६, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांपैकी एकाला ८, आणि मधले १० गुण जाहिरात, बातमी, कथा या तिघांपैकी कोणत्याही दोघांना, प्रत्येकी ५. म्हणजे कथा लिहिलीच पाहिजे अशी सक्ती नाही. तरी दिवाळीची सुटी संपली की यवतमाळकडच्या आमच्या खेड्यावरच्या शाळेत हा प्रश्न येतोच: सर, गाइडातल्या कथा पाठ करू, का मनानं लिहू? कधी बापही विचारायला येतो, कारण गाइडाचे पैसे त्याच्याच खिशातून जाणार असतात.

आधी कथा घ्यायची की सोडायची

याचं उत्तर थोडक्यात देतो. जाहिरात आणि बातमी या भरवशाच्या जागा आहेत. बातमीला मथळा, ठिकाण, तारीख, कोण, कुठे, केव्हा एवढं नीट बसवलं की गुण सहसा हातचे जात नाहीत. जाहिरातीला ठळक मथळा, एखादी पकड घेणारी ओळ, पत्ता, संपर्क. कथेचं तसं नाही. तिला पाचपैकी पाच पडतात आणि दोनही पडतात. ज्याचं शुद्धलेखन कच्चं आहे आणि ज्याला पेपर पुरा करायलाच वेळ पुरत नाही, त्यानं बातमी-जाहिरात घ्यावी आणि कथेचा विचार सोडून द्यावा. त्यात कमीपणा नाही.

पण वर्गात अशी पोरं असतात ज्यांना गोष्ट सांगता येते. मधल्या सुटीत पाच जण भोवती घेऊन बसतात, हातवारे करतात, नकला करतात. ती जाहिरात लिहायला बसली की कोरडी पडतात. त्यांनी कथा सोडणं म्हणजे हातचं पीक उभं ठेवून शेजाऱ्याच्या वावरात मजुरीला जाणं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पाठांतराची बाजू

पाठांतराला सरसकट नावं ठेवणारे मास्तर मला पटत नाहीत. ज्या घरात शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही, तिथल्या पोरीला गाइडातल्या दहा कथा हाच पहिला कथासंग्रह असतो. त्यातून तिला सुरुवात कशी करतात, परिच्छेद कुठे तोडतात, संवादाला अवतरणचिन्हं कशी देतात हे कळतं. पेपरात कोरं पान पाहून हात थिजत नाही. शिवाय मुद्दे देऊन कथा विचारली तर ते मुद्दे बऱ्याचदा ओळखीच्याच बोधकथेचे असतात. लाकूडतोड्या, तहानलेला कावळा, आळशी मुलगा. गोष्ट माहीत असली की मुद्दे आपोआप जुळतात.

अडचण येते ती अपूर्ण कथा पुढे न्यायची असते तेव्हा, किंवा चार शब्द देऊन कथा मागितली जाते तेव्हा. पात्रं ठरलेली असतात, जागा ठरलेली असते, आणि पाठ केलेली कथा तिथे काही केल्या बसत नाही. मग ती वाकवली जाते. प्रश्नातली एसटी थांब्यावरची मुलगी तिसऱ्या ओळीत अचानक जंगलात जाते, कारण पाठ केलेली कथा जंगलातली असते. तपासणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. गठ्ठ्यात तीच कथा त्यानं आधीही वाचलेली असते. मोबाइलवर मागून घेतलेल्या तयार कथेचंही हेच. ती गुळगुळीत असते, पण कोणत्याच गावची नसते.

एकच प्रश्न, दोन उत्तरं

समजा प्रश्न असा आला: "संध्याकाळची शेवटची एसटी निघून गेली. थांब्यावर राहिलेल्या पिशवीकडे राधाचे लक्ष गेले..." कथा पूर्ण करा.

पाठांतरावर विसंबलेल्या वह्यांमध्ये पुढे काय होतं ते मी डोळे मिटून सांगतो. पिशवीत नोटांची बंडलं निघतात. राधाला क्षणभर मोह होतो. मग तिला आईची शिकवण आठवते, ती पोलीस ठाण्यात जाते, मालक धावत येतो, बक्षीस देतो, ती नाकारते, सरपंच सत्कार करतात. तात्पर्य: प्रामाणिकपणा हाच खरा दागिना. चूक काही नाही. तीन गुणांची कथा आहे.

आता हे वाचा:

"पिशवीत सातबारा, पासबुक आणि कापूस विकल्याची पावती होती. पासबुकावरचे नाव वाचून राधा थबकली. श्यामरावकाका! धुऱ्यावरच्या बाभळीवरून त्यांचे आणि बाबांचे तीन वर्षे बोलणे नव्हते. पिशवी इथेच ठेवावी, असे तिला क्षणभर वाटले. पण उद्या काका बँकेत काय दाखवणार? ती त्यांच्या दारात गेली. काकांनी न बोलता पिशवी घेतली. काकू म्हणाल्या, 'बस वं माय, चहा घे.' घरी पोचेपर्यंत अंधार पडला. 'काहून इतका उशीर?' बाबांनी विचारले. 'चहा प्यायला थांबले होते.' 'कोणाकडे?' राधाने नाव सांगितले. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, 'साखर बराबर होती काय?'"

शंभर शब्दांच्या आत आहे, आणि तेवढंच हवं. परीक्षेतली कथा पानभर पसरवायची नसते. प्रामाणिकपणा इथेही आहे, फक्त त्याचं नाव कुठे घेतलेलं नाही. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की यातलं पेपरात काय सुचलं आणि घरून काय नेलेलं होतं. पिशवी प्रश्नानं दिली. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, अबोला, आणि दारात आलेल्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ न देणारी काकू, हे घरून आलेलं आहे. पिशवीऐवजी प्रश्नात विहीर आली असती, हरवलेली शेळी आली असती, तरी हीच माणसं कामाला आली असती. प्रसंग परीक्षा देते. माणसं आणि त्यांच्यातला तिढा आपण न्यायचा. स्वतःच्या कथेची तयारी म्हणतो ती एवढीच.

घरून काय न्यायचं

इथे वेळ द्या, कारण दोन पद्धतींमधला खरा फरक इथेच आहे. पाठांतरात तुम्ही दहा शेवट साठवता. या पद्धतीत तुम्ही चार-पाच तिढे साठवता, आणि ते आपल्या भागात फुकट मिळतात.

कापसाच्या पट्ट्यात राहत असाल तर वेचणी घ्या. मजुरी किलोवर असते. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस वजनाला जास्त भरतो, हे वेचणारीला माहीत असतं आणि वावराच्या मालकालाही. मालक म्हणतो, ऊन चढल्यावर या; तिला दुपारी घरी तान्हं लेकरू पाजायला जायचं असतं. दोघांचंही बरोबर आहे. अशा ठिकाणी कथा आपणहून उभी राहते, कारण कोणीच दुष्ट नाही.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत. बहार, म्हणजे फुलोरा, धरण्यासाठी झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण देतात. उभ्या झाडाची पानं मलूल होताना पाहून घरातली शहरातून आलेली पाहुणी मुलगी गुपचूप एका झाडाला बादलीभर पाणी घालते, मग? हा प्रश्न नुसता मांडला तरी वाचणारा पुढे सरकतो. भंडारा-गोंदियाच्या पोरांकडे धान आहे, मामा तलाव आहेत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव. पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात सोडायचं हा तिढा तिथे दर साली असतो. गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला पहाटे अंधारात निघावं लागतं. सण हवा असेल तर तान्हा पोळा घ्या. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातात. कोणाचा बैल सागवानी, चाकांचा, झूल घातलेला. कोणाचा मातीचा, आदल्या रात्री केलेला, शिंगं अजून ओली. मातीच्या बैलवाला कोणत्या दारात जायचं टाळतो? का टाळतो?

एक विषय मात्र जपून. विदर्भातली पोरं 'शेतकरी' म्हटलं की आत्महत्येवर लिहितात. दुःख खरं आहे, काहींच्या तर घरातलं आहे. पण एवढ्या शब्दांत ते मावत नाही आणि त्याची घोषणा होऊन बसते. त्याच घरातली दुसरी एखादी लहान गोष्ट लिहा. कर्जाचे कागद आई कोणत्या डब्यात ठेवते, तेवढंही पुरतं. आणि शेजाऱ्याचं खरं नाव कथेत घालू नका. गाव लहान असतं.

भाषेचा हिशेब

पाठ केलेल्या कथेत भाषा प्रमाण असते, चुका कमी. स्वतःच्या कथेत 'मले', 'तुले', 'वावरात जाऊन राहिला' हे नकळत निवेदनात घुसतं आणि शुद्धलेखनाचे गुण खातं. या एका बाबतीत पाठांतर सरळ पुढे आहे. माझा तोडगा: निवेदन प्रमाण मराठीत आणि तेही 'केलं, होतं' असं न लिहिता 'केले, होते' असं, वऱ्हाडी फक्त अवतरणचिन्हांत, एक-दोन वाक्यं. त्याहून जास्त वऱ्हाडी घातली की कथा राहते बाजूला आणि नुसती गंमत होते. वरच्या कथेत 'काहून' एकदाच आलं, म्हणून त्याला वजन आलं.

मग कोणी काय करावं

वेळ किती उरला यावर बरंच अवलंबून आहे. कापूस वेचणी ऐन ऑक्टोबर ते जानेवारीत असते आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या तोंडावर. ज्या पोरीला सकाळ-संध्याकाळ वावरात जावं लागतं, तिला मी नवं काही शिकायला सांगत नाही. गाइडातल्या तीन कथा निवड, त्या पाठ न करता आपल्या शब्दांत दोनदा लिही, आणि प्रत्येकीत आपल्या गावचं एक माणूस घाल, एवढंच सांगतो. हा मधला मार्ग आहे आणि बहुतेकांना तोच परवडतो.

ज्याला दिवाळीपासून वेळ आहे, त्यानं तिढ्यांची वही करावी आणि आठवड्याला एका जुन्या कृतिपत्रिकेतली कथा घड्याळ लावून लिहावी. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. उपयोजित लेखन पेपरात शेवटी येतं आणि तोवर हात दुखायला लागलेला असतो. ज्याची स्मरणशक्ती तल्लख पण कल्पना आखूड, त्यानं खुशाल पाठ करावं, मात्र अपूर्ण कथेचा प्रश्न आला तर त्या वाटेला न जाता बातमीकडे वळावं. हा निर्णय परीक्षेच्या हॉलमध्ये घ्यायचा नाही, घरून ठरवून जायचा.

शीर्षकाची ओळ आधी कोरी सोडा आणि ते कथा संपल्यावर लिहा. तात्पर्य मागितलं असेल तरच द्या, तेही एका ओळीत. राधाच्या कथेला मी 'साखर' हे शीर्षक दिलं असतं. वर्गातल्या एका पोरीनं 'बाभूळ' सुचवलं, आणि तिचं जास्त बरं आहे.